पहिल्या पानावरची म्हातारी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (परवापासून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच केलाय असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? काका डॉक्टरांचं ऐकून फिरायला जातात, की अजून कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन तिथेच बसून परत येतात? मी उत्तम आहे. हे वाक्य दोनदा वाच, कारण बाबांनी तुला फोनवर नेमकं उलटं सांगितलं असणार: गरिबांच्या बातम्या देता देता पोरगी स्वतःच रस्त्यावर आली, रविवारी जाऊन तिला घेऊनच येतो आणि काकांच्या विमा कचेरीत चिकटवतो. या सगळ्याचं मूळ म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी आमच्या पेपरात पहिल्या पानावर आलेला फोटो. कोरड्या नळाशेजारी पालथ्या बादलीवर कपाळाला हात लावून बसलेली बाई, आणि खाली ओळ, ‘पाण्याच्या प्रतीक्षेत हताश वृद्धा’. आत्या, ती मी. (वृद्धा! अजून पंचेचाळिशीही गाठलेली नाही.)

त्याचं असं झालं. गिरणीमागच्या वस्तीतला नळ उन्हाळा सुरू झाल्यापासून कोरडा. मी बातमी दिली, पुन्हा दिली, पाणीखात्याच्या साहेबांना जिन्यात गाठलं. ते दर वेळी ‘तांत्रिक अडचण’ एवढंच पुटपुटून मोटारीत बसत. संपादक म्हणाले, शब्दांनी कुणी हलत नाही, फोटो आण. म्हणून डोळामिट्याला घेऊन गेले. (आमचा फोटोग्राफर. जेवतानासुद्धा एक डोळा मिटूनच जेवतो.) पण फोटो निघणार ही बातमी माझ्याआधी वस्तीत पोचली होती. बायका ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून, कानात डूल अडकवून रांगेत उभ्या. बादल्यासुद्धा घासून लख्ख. (पाण्यावाचून कशा घासल्या? राखेने, असं नंतर कळलं.) मी म्हटलं, बायांनो, निदान हसू तरी नका. तर त्यांची पुढारीण (हे नाव मी ठेवलेलं, पण तिला शोभतं) कडाडली, “अगं, पेपरातला फोटो उद्या नातवंडं बघतील. नळ कोरडा आहे, आम्ही नाही!” मला पटलं, पण संपादकांना कोण पटवणार? उन्हाने डोकं उठलं होतं, चप्पल तुटली होती, केसांचं तर बोलायलाच नको. मी बादली पालथी घालून जरा टेकले आणि तिकडे डोळामिट्याने डोळा मिटला. फोटोंच्या ढिगातून ऑफिसातल्यांनी नेमका तोच उचलला. रोज माझ्यासमोर बसून चहा पिणारी ही माणसं, पण एकालाही मी ओळखू आले नाही.

फोटो बघून शहर हळहळलं आणि साहेबांना त्या वृद्धेची भेट घ्यायची सुबुद्धी सुचली. बातमीला अर्थात मलाच पाठवलं. मी पोचतेय तोवर त्यांची मोटार आलीच. आजी कुठे आहेत, असं त्यांनी विचारताच पुढारणीने आपली शाल माझ्या डोक्यावरून ओढली, मला बादलीवर दाबून बसवलं आणि आजी बोलत नाहीत म्हणून जाहीर करून टाकलं. साहेबांनी हात जोडले, फोटो निघाले. (जिन्यात इतक्यांदा आडवी गेलेली मी, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. गरीब म्हातारीच्या तोंडाकडे बघतो कोण?) मग तिथेच, माझ्या डोक्यावर उभे राहून ते सोबत आलेल्या इंजिनियरला म्हणाले की क्लबच्या बागेकडे वळवलेलं पाणी चार दिवस इकडे सोडा, ओरड थांबली की पुन्हा फिरवा. इंजिनियरने घाबरून माझ्याकडे बोट केलं, तर म्हणतात कसे, “तिला काय कळतंय!” इतकी वर्षं प्रश्न विचारून जे मिळालं नाही, ते तोंड मिटून बसल्याबरोबर मिळालं. मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला म्हणतेस! शाल खांद्यावर घेतली, पिशवीतून पेन काढलं आणि विचारलं, “साहेब, त्या क्लबचं पूर्ण नाव सांगता का?” डोळामिट्याने जन्मात पहिल्यांदा दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढला. (थोडा हललाय, तरी दुसऱ्या दिवशी बातमीसकट छापून आला.) साहेबांचे चार दिवस केव्हाच उलटले, पण नळ वाहतोय. क्लबची हिरवळ पिवळी पडलीय. आमचे मालक त्याच क्लबात जातात, त्यामुळे ते माझ्याशी बोलत नाहीत आणि ऑफिसात कशी छान शांतता आहे.

तेव्हा आत्या, बाबा जगात फक्त थोरल्या बहिणीला घाबरतात. तू त्यांना थांबव. विम्याचं काम चांगलंच असेल, पण मी इथे सुखात आहे. खोलीला खिडकी आहे, चप्पल शिवून आणलीय, आणि हल्ली वस्तीत गेले की दारादारातून मला पाणी विचारतात. प्रत्येक दारात पिते. पोट डब्ब होतं, पण नाही म्हणवत नाही.

तुझी
(वृद्ध नसलेली) भाची

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी नळावर पुन्हा फोटो काढायचाय, या वेळी सगळ्यांचा, ठेवणीतल्या कपड्यांत. पुढारणीने बजावलंय की असल्या अवतारात ती मला शेजारी उभी करणार नाही. तुझी ती मोरपंखी रेशमी शाल पाठव. नक्की परत करीन. (तुझा विश्वास नाही, माहीत आहे.)

ता. क. २ शाल टपालाने नको. बाबांना थांबवूही नकोस, त्यांच्याच हाती दे. साऱ्या शहरात मला ओळखलं ते त्यांनी एकट्याने. आई हळूच सांगत होती, तो फोटो कापून त्यांनी पाकिटात ठेवलाय आणि येईल-जाईल त्याला दाखवतात. खालची ओळ तेवढी कात्रीने उडवलीय.