दहा माणसांचा मलिदा

५ जानेवारी, शुक्रवार
एसटी डेपोतून रिटायर झालो, सुटलो. आता खरं काम. अल्बमच्या कव्हरवर टाकायचा मजकूर: "सॅमसन नागावकर. घाटंजीतल्या एकमेव ज्यू घरातला कवी, गायक, संगीतकार. बाप रेल्वेच्या नोकरीपायी कोकण सोडून इकडं वऱ्हाडात आला आणि घर समाजापासून तुटलं. हा तुटलेला समाज आता गाण्यातून जुळणार." वाचून मलेच भरून आलं.
संकल्प: रोज एक गाणं, आणि हिब्रू शिकणं. हिब्रूचं पहिलं पान झालं. गाभा कळला.

१२ जानेवारी
आठ गाणी तयार. टायटल साँग, आमच्या एलियाहू नबीवर:
एलियाहू रे, रथ थांबव घाटंजीच्या फाट्यावर,
नजर टाक जरा माह्या कापसाच्या काट्यावर.
शेजारच्या नंदाबाईले ऐकवलं. म्हणे, भाऊ, तुमच्याकडं कापूस कुठं आहे? बिचारी तांड्यातली, प्रतीक तिले काय समजते. आईची आंघोळ, वेणी, जेवण तीच पाहते. चांगली आहे. त्याच्यानं मले साधनेले वेळ भेटते.

१९ जानेवारी, शुक्रवार
डॉक्टर म्हणतात आईचं हृदय थकलं, दिवस मोजकेच. आईनं संध्याकाळी दिवा लावला आणि जुनंच काढलं. मी सहा वर्षांचा असताना मले घटसर्प झालता, आवाज गेलता. तिनं एलियाहू नबीले नवस बोलला: पोराचा आवाज परत आला तर घरात मलिदा करीन, दहा ज्यू माणसं बसवीन, प्रार्थना करवीन. आवाज आला. पण घाटंजीत दहा माणसं आणायची कुठून? नवस तसाच राह्यला. तो फेडल्याशिवाय मले जाता येत नाही, म्हणते.
मले झोपच लागली नाही. दहा माणसं! सगळे जाणकार! याहून चांगलं लाँच होऊच शकत नाही.

२३ जानेवारी
ठाण्याच्या रूबेनकाकांले फोन केला. बाबांचे चुलतभाऊ. ते म्हणे, वहिनीसाठी काहीही. आठ जण घेऊन येतो, नऊ आम्ही, दहावा तू. प्रार्थना येते ना तुले? म्हटलं, म्हणजे काय! गाण्यांचं बोललो नाही. सरप्राइज.
हिब्रू: पहिलं पान पक्कं करून राह्यलो.

४ फेब्रुवारी
गाणी एकवीस. नजीरभाई मोटार रिवाइंडिंगवाला ढोलक वाजवणार. आज तालमीत म्हणे, चाल तर सगळ्याची एकच आहे ना? त्याले म्हटलं, याले शैली म्हणतात.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
काका आणि मंडळी धामणगाव स्टेशनावरून भाड्याच्या ट्रॅक्स जीपनं आली. आईनं नवी साडी नेसली, नंदाबाईनं खुर्चीत बसवलं. परातीत मलिदा: गोड पोहे, खोबरं, फळं, गुलाबाची फुलं. आई एकेकाचा हात धरून नाव विचारून राह्यली. इतकी खूश मी तिले कधी पाह्यली नाही. आधी दोन गाणी, मग प्रार्थना, असं ठरवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
रिस्पॉन्स प्रचंड. दोनावर थांबणं कलेचा अपमान झाला असता. पाचव्या गाण्यानंतर काकांनी घड्याळ दाखवलं. मी लय वाढवली. नवव्याले एक शुगरवाले काका भोवळ येऊन आडवे झाले. भावनेचा जोर. चौदाव्याले तिघं बाहेर हवा खायला गेले ते ट्रॅक्समध्येच जाऊन बसले. ड्रायव्हरनं हॉर्न लावून धरला, गाडीची वेळ झालती. रूबेनकाका म्हणे, सातच राह्यलो, आता पटकन प्रार्थना करून घेऊ. आई नाही म्हणाली. नवस दहाचा होता.
मग माह्याकडं पाहून म्हणाली, "तुह्या आवाजासाठीच नवस बोलली होती मी. ऐकला ना सगळ्यांनी. झालं आता."
काका तिच्या पाया पडून गेले. माह्याशी बोलले नाहीत, घाईत होते. परातीले कोणी हात लावला नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या. अन्नाचा काय दोष?

१३ फेब्रुवारी
चुका माह्या नाहीत. एक, ढोलक मोठं वाजलं. दोन, ठाण्याच्या लोकांले वऱ्हाडी ठेका पचत नाही. तीन, ट्रॅक्सवाला. आई जेवून नाही राह्यली. तिले बरं वाटावं म्हणून राहिलेली सात गाणी ऐकवली. भिंतीकडं तोंड करून ऐकली.

२० फेब्रुवारी, मंगळवार
आई पहाटे गेली.
काकांले फोन केला. मातीच्या प्रार्थनेलेही आमच्यात दहा माणसं पायजेत, या. काकांनी मग विचारलं, गाणी आहेत काय? म्हटलं, काका, एकच. ते म्हणे, पोहोचणं होत नाही, तुम्ही उरकून घ्या.
नजीरभाईनं आणि त्याच्या भावांनी बाबांच्या शेजारी कबर खोदली. आता तुमची दुआ म्हणा, म्हणे. मले पहिल्या पानापुढचं काही येत नव्हतं. टायटल साँग म्हटलं. काट्यावर या शब्दाशी नजीरभाईनं हातातलं फावडं खाली ठेवलं आणि दुसरीकडं पाह्यलं.

२५ फेब्रुवारी, रविवार
ठाण्यात काकांनी आईसाठी प्रार्थना ठेवली. दहा माणसं बसली. अकरा बसली, म्हणतात. मले कोणी कळवलं नाही. नंदाबाईच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला, वहिनीची सेवा केली म्हणून. ती अंगणात डोक्यावर पदर घेऊन, फोन धरून बसली होती. मी कंपाउंडच्या अलीकडं उभा राह्यलो.
अर्ध्या तासात झालं. आईले जे पायजे होतं ते एवढंच होतं. मले रडू आलं. शेवटी ते सगळे आमेन म्हणाले, मीही म्हटलं.
नंदाबाईनं मागं वळून पाह्यलं, फोन पदराखाली झाकला आणि म्हणाली, "भाऊ, हळू. तिकडं ऐकू गेलं तर बंद करतीन."