ग्रँट धुळ्याहून येणार

१ जानेवारी १९५५, शनिवार
नवी डायरी. संकल्प तीन. रोज पहाटे पाचला उठणे. विडी बंद. गावाला लोकल बोर्डाची ग्रँट आणून सार्वजनिक वाचनालय काढणे.
(आज आठला उठलो. थंडी फार आहे. संक्रांतीनंतर बघू.)
पेपरात आलंय: गावानं अंगमेहनत करायची, साहित्याचा खर्च बोर्ड देणार. एका गावाला वर्षात एकच योजना, तीही ३१ मार्चच्या आत मंजूर व्हायला हवी. गावात व्हर्नाक्युलर फायनल पास मी एकटा. म्हणजे जबाबदारी आपोआप माझ्यावर येते.

४ जानेवारी
चावडीवर सभा. मी पाऊण तास बोललो. सरपंच हिलाल आबांचं म्हणणं, विहिरीला कठडा नाही, आधी तो बांधू. भिकुबाई अक्का तर मधेच उठून म्हणाल्या, आम्हले पेपर नको, इहीरले कठडा जोयजे. चर्चेची पातळी घसरली. मी समजावलं की वाचणारा माणूस विहिरीजवळही जपूनच चालतो. यावर कोणी काही बोललं नाही. ठराव एकमताने पास समजायला हरकत नाही.
आबा एवढंच म्हणाले की वर्षाची एकच संधी आहे, वाया घालवू नको. निर्धास्त राहा म्हटलं.
सौ. मागे बायकांत बसली होती. चेहऱ्यावर अभिमान दिसला. लांबून नीट कळत नव्हतं, पण अभिमानच असावा.

११ जानेवारी, दुपार
अर्ज पुरा. चौदा पानं. सुरुवात प्राचीन ग्रीसपासून केली आहे. वाचनालय नवव्या पानावर येतं.
'जिल्हा' या रकान्यात 'खानदेश' असं ठासून लिहिलं. पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश ही इंग्रजानं केलेली फाळणी. इंग्रज गेला, विषय संपला. सौ. म्हणाली, आपण शेतसारा पारोळ्याला भरतो आणि पारोळा जळगावकडे येतं ना? तिला शेतसारा आणि संस्कृती यांतला फरक समजावून सांगितला. ती भाकरी थापत होती.
अर्ज धुळ्यालाच जाणार. आजोबांचे दावे धुळ्याला चालले, माझं लग्नाचं धोतर धुळ्याचं, मोटार धुळ्याची. जळगावला आपलं कोण आहे? तिकडची मंडळी केळीत गुंतलेली.

२० जानेवारी, धुळे
अर्ज दिला. टेबलावर बन्सीलाल नावाचा कारकून. उघडून बघतो म्हणाला. मी बघू दिला नाही. मुद्दाम लाखेचं सील केलंय, वर लिहिलंय 'फक्त अध्यक्षसाहेबांनी फोडावे'. कारकुनांच्या हाती कामं नासतात. त्यानं गाव कोणतं विचारलं. म्हटलं, आत सगळं आहे. साहेब दौऱ्यावर होते, पाकीट त्यांच्या कपाटात ठेवून आलो.
स्टँडवर एक विडी ओढली. सरकारी कामानिमित्त ओढली, म्हणून मोजायची नाही.

६ फेब्रुवारी
वाचनालयाची नियमावली तयार. अध्यक्ष मी. ग्रंथपाल तूर्त मीच. कलम सात: वाचनालयात झोपू नये. हे लिहिता लिहिता डोळा लागला.

१५ फेब्रुवारी
पुन्हा धुळे. पाकीट कपाटात होतं तिथंच आहे, सील शाबूत. समाधान वाटलं. साहेब दौऱ्यावर.
गावात सांगितलं की काम अगदी वरच्या पातळीवर आहे.

२७ फेब्रुवारी, रविवार
भिकुबाई अक्का पाणी ओढताना विहिरीच्या कडेवर घसरल्या. दोर हातात होता म्हणून वाचल्या. खांदा निखळला, तो हाडवैद्यानं बसवला. भेटायला गेलो. काय बोलावं सुचेना, तेव्हा म्हणालो, वाचनालय झालं की पहिला पेपर तुम्हाला घरपोच. अक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.
आज वाईट वाटलं. खरोखर वाईट वाटलं. पण आता अर्ज मागे कसा घ्यायचा? चौदा पानं आहेत.

३ मार्च
अक्कांचा हात झोळीत बांधून सौ. त्यांना पारोळ्याला घेऊन गेली. बाजार आहे म्हणे. घरात शांतता. उद्घाटनाचं भाषण आरशासमोर दोनदा केलं. कच्च्या मसुद्याचं पहिलं पान सापडत नाही. या घरात कागदाची किंमत नाही कोणाला.

१८ मार्च, धुळे
साहेब भेटले. सील स्वतः फोडलं. सज्जन माणूस. पण पहिल्याच पानावर थांबले. म्हणाले, तुमचं गाव पारोळा तालुक्यात, म्हणजे पूर्व खानदेशात. हे पश्चिम खानदेशचं बोर्ड. तुमचं बोर्ड जळगावला. मी इंग्रजांचा मुद्दा मांडला. मुद्दा चांगला आहे म्हणाले, पण तुमच्या गावाचा पैसा जळगावला आहे. आणि हे तुम्हाला जानेवारीतच या कारकुनानं सांगितलं असतं.
बन्सीलालनं न मागता पाणी आणून दिलं. ते फार लागलं मनाला.
तेरा दिवस आहेत. नवा अर्ज दोन दिवसांत होईल. जळगावला उद्याच जाणार. गावात तूर्त बोलायचं नाही.

१९ मार्च
अंगात कणकण.

२४ मार्च
उद्या जळगाव नक्की.

२५ मार्च
मोटार चुकली. वेळेआधी गेली असावी.

२९ मार्च, मंगळवार
जळगावहून ओव्हरसियर आला! वाटलं, माझी कीर्ती परस्पर पोचली. कोट घालून धावलो. तो विहिरीभोवती चुन्याची फक्की टाकत होता. कठडा मंजूर झालाय.
अर्ज सौ.चा. तीन तारखेला पारोळ्याच्या कचेरीतून जळगावला रवाना केलेला. ओव्हरसियरनं दाखवला. अर्धं पान, खाली बायकांचे अंगठे. माझ्या मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलाय. पलीकडच्या ग्रीसवर कोणीतरी लाल रेघ मारली आहे.
कचेरीत नवऱ्याचं नाव विचारलं होतं. सौ. ते कसं घेणार? बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. अक्कांनी सांगायचं, तर त्या म्हणाल्या, आठवत नाही. रकाना कोरा राहिला आणि अर्जदार म्हणून सौ. एकटी लागली, नुसती 'सुनंदाबाई'.
मला का सांगितलं नाही, असं विचारलं. म्हणाली, तुमचं भाषण चाललं होतं.
जेवलो नाही. मग जेवलो.

३१ मार्च
उद्यापासून श्रमदान. चावडीच्या भिंतीवर हिलाल आबांनी यादी लावली. अक्कांनी सावलीत बसून देखरेख करायची. माझं नाव सतरावं, काम चुना कालवणे. गावात लीलाधर दोन आहेत, गोंधळ नको म्हणून नावापुढे ओळख घातली आहे. एक 'लीलाधर, वरच्या आळीचा'. दुसरा 'लीलाधर, सुनंदाबाईंचा'.
हरकत घ्यायला आबांकडे गेलो. आबा म्हणाले, बठ्ठा गावले आसंच समजस. म्हणजे अख्ख्या गावाला असंच कळतं.
यादीवर सही केली. सकाळी सहाला बोलावलंय. सौ. उठवणार आहे.