गळ्याखालचा खळगा

९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा गुडघा सुधारत असेल आणि ते तुझं ऐकत नसतील, हे न विचारताच कळतं. मी मजेत आहे.

बातमी अशी की आईचं चित्र पूर्ण झालं. खोटी नम्रता मला कधी जमली नाही, म्हणून सरळ सांगतो, आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम आहे. मेडिकल कॉलेजात प्रेतांची रेखाटनं करून घरी यायचो, तेव्हा तू नाक मुरडून ओरडायचीस, "आधी हात धू, मग ताटावर बस!" पण तिथेच माझा हात तयार झाला. कातडीखाली काय आहे ते माहीत असल्याशिवाय कातडी रंगवता येत नाही. चित्रात फक्त आईची मान आहे आणि गळ्याखालचा खळगा, श्वास घेताना आत जाणारा.

पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. त्याआधी तुला एक सांगायचंय. इकडचं तिकडचं लिहून दोन पानं फाडली, आता लिहितोच.

परवा फोनवर तू पुन्हा रडलीस. "चार महिने आईच्या उशाशी बसले, आणि चादरी धुवायला गेले तेवढ्यात ती गेली रे. माझंच चुकलं." दोन वर्षं मी दर वेळी म्हणतो, "क्षणात झालं गं." ते खोटं आहे.

त्या दुपारी मी आईजवळ रेखाटन करत बसलो होतो. तिच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. मला दिसत होतं, अर्थही कळत होता. तू भिंतीपलीकडे होतीस, एका हाकेवर आली असतीस. मी हाक मारली नाही, कारण खळगा कागदावर बरोबर उतरत होता. तो हलायचा थांबला तरी मी पेन्सिल चालूच ठेवली. रेखाटन पुरं केलं, मग तुला बोलावलं.

तुझं काहीही चुकलं नाही, ताई. चित्राचा मला पश्चात्ताप नाही, पण हाक न मारल्याची फार लाज वाटते.

ते रेखाटन सोबत पाठवतोय. त्याची दुसरी प्रत नाही. फाडलंस तरी चालेल, आणि चित्र प्रदर्शनात लावायचं की नाही तेही तूच ठरव. रेखाटनाच्या मागच्या बाजूला सवयीने वेळ लिहिली आहे: सुरुवात चार दहा, शेवट चार पस्तीस. त्यातली शेवटची दहा मिनिटं आई नव्हती.

आधीची पंधरा तुझी होती. ती मी घेतली.

तुझा,
धाकटा