पश्चिमेची भिंत

पाचपावली, नागपूर
९ जानेवारी १९८३

चि. उत्तरास आशीर्वाद.

तिकडे तुम्ही सारे खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे थंडी बरी आहे, तुरीच्या शेंगा स्वस्त झाल्या आहेत, आणि तुझी आई ठीक आहे.

आज सकाळी चहा ठेवता ठेवता एक फार जुना आवाज कानात आला. खापाच्या शाळेत आम्ही सगळी पोरं एका सुरात कविता म्हणत होतो, आणि मास्तर टेबलावर छडी आपटून ताल धरत होते.

अथांग सागर, अफाट लाटा,
पाण्यावरती नसती वाटा;
गेली होडी कुठे कळेना,
दूर किनारी दिवा ढळेना.

कवीचं नाव मास्तरांनी कधी सांगितलं नाही. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, मास्तरांनीही नाही. कुणीतरी विचारलं, गुरुजी, समुद्र केवढा असतो? मास्तर खिडकीतून कन्हान नदीकडं बघत म्हणाले, पुरात असते ना, तेवढा, पण दुसरा काठ काढून टाकायचा. त्यानंतर नदीला पूर आला की मी दुसरा काठ पुसून टाकायचा खेळ खेळत बसे.

शाळेच्या खिडकीखालीच तुझ्या आईच्या वडिलांचा हातमाग होता. तुझी आई तिथं बसून सुताच्या कांड्या भरायची. शाळेत तिला कोणी घातलं नाही, पण ती कविता तिला माझ्याआधी पाठ झाली. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीला मी ऐट दाखवायला म्हणून ती म्हणायला लागलो, तर तिसऱ्या ओळीला अडखळलो आणि स्वयंपाकघरातून तिनं ती पुरी केली. ही गोष्ट तू लहानपणी पुष्कळदा ऐकली आहेस. म्हाताऱ्या माणसाला तेच ते सांगायची सवय असते.

आता कामाचं लिहितो. मी एक घर घेतलं आहे. समुद्राजवळ.

तू हसशील. पण बेत पक्का व्यवहारी आहे. कामठीच्या छावणीत गोल्फ मैदानाच्या कचेरीत माझी सारी नोकरी गेली हे तू जाणतेस. तिथले एक जुने मेजर मागच्या वर्षी भेटले. म्हणाले, देवराव, कोकणात एका हॉटेलवाल्यानं सड्यावर, समुद्राच्या माथ्यावर, गोल्फचं मैदान केलं आहे. आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना हॉटेल परवडत नाही. जवळ कोणी साधं घर ठेवलं, दोन खाटा, एक स्टोव्ह, स्वच्छ चादरी, तर आठ-आठ दिवस राहायला लोक रांग लावतील. मग मी डिसेंबरात एकटाच जाऊन पाहून आलो. तिथले दलाल गोपाळराव, भला माणूस, त्यांनी दोन घरं दाखवली. त्यातलं एक पसंत केलं. दोन खोल्या, पुढं पडवी, कौलं. स्वस्त मिळालं, कारण मैदानावरचा चुकार चेंडू कधीमधी कौलावर येतो. चेंडू कुठं किती भरकटतो हे मी जन्मभर पाहिलं आहे, मला त्याची भीती नाही. हंगामात साहेब लोकांना भाड्यानं द्यायचं, आणि एखादा महिना आपण दोघांनी राहायचं.

तुझ्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, चेंडू आपल्या कौलावर पडला तर तो कोनाचा जी? मी म्हटलं, खेळणाऱ्याचा. तर म्हणे, मग फुटलेलं कौल तेवढं आपलं.

पण समुद्राचं नाव काढलं की तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळतं. गेली काही वर्षं ती हेच म्हणून राहिली आहे, एकदा समुद्र पाह्यचा आहे. डॉक्टरांनीही हवापालट सांगितला आहे.

ते घर आंबेसड्याला आहे. तुझ्या शेवरेवाडीपासून फार लांब नाही असं गोपाळराव म्हणाले. मला तिकडं वळायला वेळ नव्हता. तुला सवड झाली तर घरावर एक नजर टाकून ये. किल्ली शेजारी ठेवली आहे. नाही झालं तरी चालेल.

कळावे,
देवराव पराते

*

पाचपावली, नागपूर
६ फेब्रुवारी १९८३

चि. उत्तरा,

तुझं कार्ड पोचलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून 'ळ' तसाच काढतेस, पोट फुगवून.

'घर पाहिले. समुद्र पश्चिमेला आहे. त्या बाजूला नुसती भिंत आहे, एकही खिडकी नाही. आईला काय दिसणार?' एवढंच लिहिलंस. नमस्कार नाही, खुशाली नाही. मी दोष देत नाही. विचारलंस ते खरं विचारलंस.

कार्ड मी दोनदा वाचलं. खरंच की गं.

काय झालं ते सांगतो. गोपाळरावांनी दाखवलेल्या दुसऱ्या घराला पश्चिमेकडं ही एवढी मोठी खिडकी होती. किंमत तीच. मी आत गेलो, ती खिडकी पाहिली आणि मनात म्हटलं, हे घर वैशाखात भट्टी होणार. आपल्याकडं पश्चिमेला खिडकी कोण ठेवतं? दुपार कलली की त्या अंगानं लू येते, भिंती रात्रीपर्यंत शेकतात, वाळ्याचे ताटे बांधून बांधून जीव जातो. मग या घरात आलो. पश्चिमेची भिंत सलग, जाड, चिऱ्याची. मी तिला तळहात लावून पाहिला. गार होती. तिच्यामागं कसला तरी मोठा आवाज चालला होता. मला वाटलं, वारा असेल. व्यवहार तिथंच पक्का केला. गोपाळरावांनी एकदा त्या दुसऱ्या घराकडं पाहिलं आणि पावतीपुस्तक काढलं. कोकणातली माणसं गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवत नाहीत वाटतं.

तुझ्या आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या शोभाताईंना धावत यावं लागलं, पाठीला हात द्यायला. "समुद्रावर जाऊन बी तुम्ही पाचपावलीचंच घर घेतलं जी," म्हणाली. तुझं कार्ड तिनं मागून घेतलं. तिला वाचता येत नाही, पण चारदा माझ्याकडून वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. मधेच बाहेर काढते, पाहते, परत ठेवते.

तू म्हणशील, खिडकी नाही तर काय झालं, पडवीतून चार पावलं मागं गेलं की समुद्र आहे. ती चार पावलंच अवघड आहेत उत्तरा. तिला उठवत नाही. दिवाळीपासून नाही. पोटात पाणी होतं, मेडिकल हॉस्पिटलला नेऊन काढून आणतो, परत होतं. पहिल्या पत्रात मी हवापालटाचं लिहिलं ते तसं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, यांना कुठं न्यायचं असेल तर लवकर न्या. मी त्यातलं तुला लिहिण्यासारखं तेवढं लिहिलं.

म्हणून खाटेवर पडल्या पडल्या दिसेल अशी खिडकी हवी. खाटेच्या उंचीची. तुमच्या भागात चिऱ्याचं काम जाणणारे गवंडी असतात असं ऐकतो. कोणी ओळखीचा असेल तर सांगून पाहा. तुझ्या घरीच कोणी जाणकार असेल तर उत्तम. मेहनताना मी पाठवीन.

आणि एक. वेळ नव्हता असं मी लिहिलं होतं. वेळ होता. आंबेसड्याच्या स्टँडवर मी बसलो होतो आणि शेवरेवाडीची पाटी लावलेली गाडी समोर येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, आजोबा, यायचं का? मी म्हटलं, माझी गाडी वेगळी आहे. ती गेली. संध्याकाळी तीच परत आली आणि परत गेली. मी तिथंच होतो.

एका कर्नलनं मे महिन्यासाठी घर मागितलं आहे. मी त्याला कळवलं, मे संपेस्तोवर घर मोकळं नाही, मालकीण राहणार आहे.

तुझा,
बाबूजी

*

पाचपावली, नागपूर
८ मार्च १९८३

उत्तरा, बाळा,

परवाची तार तुला मिळाली असेल किंवा नसेलही, तुमच्या वाडीला पोस्टमन रोज येत नाही म्हणतात. तारेत तीनच शब्द मावले. उरलेलं लिहायला आज बसलो आहे. दुपार आहे. आलेली माणसं जेवून पांगली आहेत, शोभाताई भांडी आवरून घरी गेल्या. आई जिथं होती त्या जागी पीठ पसरून दिवा लावला आहे. वारा येऊ नये म्हणून दारं-खिडक्या ओढून घेतल्या आहेत. तेल घालायचं काम माझ्याकडं आहे. दर थोड्या वेळानं उठतो, वात सारतो, परत येऊन लिहितो.

तिला त्रास झाला नाही. पहाटे पाणी मागितलं, अर्धं पाणी तसंच राहिलं.

आदल्या संध्याकाळी मात्र ती चांगली जागी होती. मी तिला म्हटलं, खिडकीचं लिहिलं आहे, उत्तराचं उत्तर आलं नाही अजून, पण होईल. तिकिटं काढून ठेवतो. ती ऐकत होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी ती शाळेतली कविता म्हणायला लागलो. तिला बरं वाटेल म्हणून. तिसऱ्या ओळीला अडखळलो. यावेळी खरंच आठवेना. तिनं पुरी केली नाही. मी वाट पाहिली. मग ती म्हणाली,

"मले समुद्राचं काय करायचं होतं जी?"

मी म्हटलं, असं काहून म्हणतेस? इतकी वर्षं तूच तर समुद्र समुद्र करून राहिली होती.

"पोरगी तिकडं आहे," ती म्हणाली. "तिचं नाव घ्यायची सोय नव्हती या घरात. म्हून समुद्र म्हणत होती. तुमाले समजन असं वाटे."

उत्तरा, मला समजलं नाही. नऊ वर्षं एक बाई माझ्यासमोर बसून तुझं नाव घेत होती आणि मी नकाशा काढून तिला अरबी समुद्र दाखवत होतो. कविता म्हणून दाखवत होतो. शेवटी घरदेखील घेतलं. तेही भिंत समुद्राकडं करून.

'या घरात तिचं नाव नको' हे मी तुझ्याबद्दल कोणत्या दिवशी म्हटलं ते तुला माहीत आहे. तू उंबऱ्याबाहेर होतीस, हातात ती हिरवी पेटी, आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षात तो बसला होता. कोराडीच्या वीजघराचं बांधकाम चालू असताना तो आपल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होता, तुझ्या आईच्या हातची भाकर खात होता, आणि माझ्या गळक्या मोरीला त्यानं न सांगता गिलावा करून दिला होता. मी त्याची जात विचारली, काम विचारलं, गाव विचारलं. माणूस विचारायचा राहून गेला. मागच्या पत्रातदेखील 'कोणी गवंडी असेल तर' असं लिहिलं. माझा जावई गवंडी आहे हे मला ठाऊक नव्हतं का? सदानंद. बघ, लिहिता येतं. एवढंच तर नाव आहे.

ती गेल्यावर उशी उचलली तेव्हा तुझं कार्ड खाली होतं. घड्या पडून पडून मऊ झालं होतं. ते मी तिच्याबरोबर दिलं. मला ठेवावंसं वाटलं होतं.

घराचं आता काय करायचं ते तू सांग. कर्नलला हो म्हणावं असंही मन म्हणतं. ती माणसं सड्यावर उभी राहून पांढऱ्या चेंडूकडं बघतात, पाण्याकडं कोणी बघत नाही, त्यांना भिंतीचं काही वाटायचं नाही. पण तुला हवं असेल तर तुझ्या नावानं करून देतो. खिडकीचा आता खटाटोप करू नका. भिंतीमागं वारा नव्हता, समुद्र होता, एवढं मला कळलं, पुरे झालं.

कोणी कडी वाजवून राहिलं. शोभाताई असतील, चहा घेऊन. थांब.

*

उत्तरा, दारात सदानंद आहे.

मी दार उघडलं तर बाहेरचं ऊन एकदम डोळ्यांवर आलं, कोण ते समजेना. मग तो वाकला, तेव्हा ओळखलं. केस पिकले की गं त्याचे. नखांत लाल माती तशीच आहे, आणि खांद्यावर पातळ गादीची वळकटी. म्हणाला, परवा पहाटेच निघालो. तार त्याच्या हाती पडलेली नाही. त्याला काही माहीत नाही.

"बाबूजी, खिडकी झाली," म्हणाला. "खाटेच्या उंचीचीच काढली आहे. उत्तरा तिथं अंथरूण घालून बसली आहे. आईंना न्यायला आलो. गाडीत आडवं होता यावं म्हणून ही गादी आणली."

मी त्याला 'ये' म्हटलं. नऊ वर्षांत तेवढाच एक शब्द जमला. तो हसला आणि पाय धुवायला नळाशी गेला आहे. गादी भिजू नये म्हणून ती खांद्यावरच ठेवली आहे. पाण्याचा आवाज येतो आहे. तेवढ्यात हे लिहितो. पाणी बंद झालं की मला उठायचं आहे.

पाणी बंद झालं. तो उंबऱ्याशी आला आहे, अजून हसतो आहे. उन्हातून आल्यामुळं आतला दिवा त्याला दिसलेला नाही.

तुझा आणि सदानंदचा,
बाबूजी