खोक्याचं कपाट

मयूर विहार, रविवार, १२ नोव्हेंबर

पुण्याहून सामान ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्याच्याच फळ्यांचं मी पुस्तकांचं कपाट केलं. तीन रविवार घासत, ठोकत बसले. मधली फळी जराशी तिरकी आहे, मान्य.

आज सुधीरचे साहेब आणि त्यांच्या बाई चहाला आले होते. बाईंनी विचारलं, "भाभीजी, ये किससे बनवाया?"

मी बोलायच्या आत माझाच नवरा म्हणाला, "टेम्पररी है जी."

टेम्पररी! लाज तिरक्या फळीची वाटली, की माझी?

"मैंने बनाया है," मी म्हटलं. "यहीं रहेगा."

ते गेल्यावर सुधीर कपाट आतल्या खोलीत न्यायला उठला. हलेना. मी भिंतीत चार स्क्रू पिळलेत. ते काढायचे कसे, हे त्याने मलाच विचारलं.

नाही सांगितलं.