कृपया यावर बसू नये

ती. स्व. मामा,

वाकून नमस्कार (पत्रात वाकलेलं दिसत नाही, पण वाकले होते, आई साक्षीला समोरच आहे). तुमची पाठ कशी आहे? मामीचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. आई अजून टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देते आणि माझी कादंबरी अजून पहिल्याच वाक्यावर आहे (वाक्य मात्र बरंच लांबलंय).

पत्राला कारण ताई. शिल्पकला शिकून पोरीने काय दिवे लावले, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. तर लावलेत. एका मोठ्या कलादालनात तिचं काम लागलंय. रविवारी परीक्षक येणार आणि त्यांनी निवडलं तर तिला वर्षभर काम करायला जागा मिळणार. नाही निवडलं तर ती परत वाढदिवसांसाठी थर्माकोलची अक्षरं कापायला मोकळी. आता काम काय, तर आमच्या इमारतीत घरोघरी सोफे आहेत, आणि सोफ्यावर ज्यांना कुणी बसा म्हणत नाही त्यांनी आपापली सोय बाहेर केलेली आहे. वॉचमनकाकांचा रंगाचा रिकामा डबा, जिना झाडणाऱ्या मावशींची उपडी बादली, ड्रायव्हर लोकांची पाठ नसलेली खुर्ची. (मी वर्षानुवर्षं हे सगळं ओलांडून जात होते. ताई एक दिवस अडखळली. कलाकार आणि लेखक यांच्यात एवढाच फरक.) ताईने ते सगळं उचललं आणि दालनाच्या मधोमध गोल मांडलं, जणू कंपनीच्या मालकांची मीटिंग चाललीय. नाव दिलं, ‘बसा ना’. बाजूचा मजकूर मी लिहिला. त्यात क्रियापद एकही नव्हतं. ताईने गुपचूप दोन घातली.

मॅनेजरने नियमाप्रमाणे भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: कृपया यावर बसू नये. ताई भांडली. तो म्हणाला, मॅडम, माझा नाइलाज आहे, विमा उतरवलाय. (बादलीचा. मावशींचा नाही.) उद्घाटनाला आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आले, भाषण केलं. अजून असं चालतं हे बघून शरमेने मान खाली जाते, म्हणाले, आणि मान खाली घातली तर समोर डबा, वरचा ओघळ त्यांच्याच बेडरूमच्या रंगाचा. तरी ओळखला नाही. टाळ्या मात्र खूप पडल्या.

आता आमची चूक सांगते. वस्तू नेण्याआधी ताईने रीतसर परवानगी घेतली होती, पण सोसायटीची. सोसायटीने ‘बेवारस सामान’ म्हणून आनंदाने दिली. बसणाऱ्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही, आणि त्या जागी दुसरं काही ठेवायचंही नाही. म्हणजे अन्यायाला वाचा फोडण्याच्या भरात आम्ही इमारतीतल्या सगळ्या कष्टकऱ्यांना उभं केलं. वॉचमनकाका भिडस्त, त्यांना वाटलं नवीन नियम असेल. मावशी भिडस्त नाहीत. त्या दालनात आल्या, दोरी वर केली, आत शिरल्या.

“अहो, हात नका लावू! ते आर्ट आहे!” मॅनेजर धावला.

“असेल तुझ्यासाठी. माझी बादली आहे.”

“मावशी,” ताई काकुळतीला आली, “तुमच्यासाठीच तर केलंय हे सगळं!”

“माझ्यासाठी? मग मलाच उभं केलंस होय गं? चार दिवस पायऱ्यांवर बसतेय, तर वरची म्हणते वाटेत बसू नका.”

बादली गेली. पाठोपाठ ड्रायव्हर लोक येऊन खुर्ची घेऊन गेले. वॉचमनकाकांनी डबा नेताना सॉरीसुद्धा म्हटलं. आता दोरीच्या आत नुसती फरशी आहे. (लोक तीही वाकून वाकून बघतात. एकाने तिला धाडसी म्हटलं.) फरशीवरच भागव, असं मी सुचवलं, तर ताईने दोन दिवस अबोला धरला. तिने ठरवलंय, आता एकच वस्तू मांडायची. जिच्यावर बसणारं आता कुणी उरलेलं नाही अशी, आणि मालकाला विचारून आणलेली.

मामीला नमस्कार.

तुमची धाकटी भाची
(जिचं लिहिलेलं तुम्हाला कळत नाही ती)

ता. क. तुमच्या दाराशी चपलांच्या कपाटाजवळ लोखंडी स्टूल आहे ना? आम्ही तुमच्याकडे यायचो तेव्हा बाबा त्यावर बसायचे. आई आत, आम्ही दोघी सोफ्यावर उड्या मारत, बाबा तिथे. आईचं लग्न घराने मान्य केलंय असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात, आणि केलंच होतं, दारापर्यंत. बाबांना तिथे वारा लागतो म्हणून बसतात, असं आम्हाला वाटायचं. त्यांनीच सांगितलं होतं तसं. बाबा गेल्यापासून त्यावर कुंडी असते, असं मामी म्हणाली. कुंडी उतरवून स्टूल रविवारच्या आत पाठवाल का? त्याचा मालक नक्की कोण यावर आमच्या घरात एकमत होईना, म्हणून तुम्हाला विचारतेय.

ता. क. २. आईने पत्र वाचलं. म्हणाली, दादाला असलं काही लिहू नकोस, मनाला लावून घेईल. जरा वेळाने परत आली आणि म्हणाली, त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, तेवढं तिथे लिहून ठेवा. प्रवासात मोडलं असं कुणाला वाटायला नको. ते पहिल्यापासूनच तसं आहे.