तिकिटावरची दुपार

आई,

आज दादाच्या लेकीने विचारलं, "आत्या, पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोला पोचायला किती वेळ लागतो गं?" तिला तिकडे शिकायला जायचंय. मी म्हटलं, "अख्खा दिवस, वर थोडा. पण तुझ्या आजीला विचारलं असतंस तर म्हणाली असती, सोलापूरएवढंच!" आणि मीच हसत सुटले. पोरगी बघतच राहिली.

मी नोकरीसाठी पहिल्यांदा निघाले तेव्हाचं आठवतंय ना? माणूस प्रवासाला गेलं की ते पोचेपर्यंत घरातला केर काढायचा नाही, हा तुझा नियम. सोलापूरच्या गाडीपुरता तो ठीक होता. माझं तिकीट तू चष्मा लावून वाचलंस: मुंबईहून पहाटे निघणार, त्याच तारखेला दुपारी तिकडे उतरणार. "एवढंच? आणि लांब लांब म्हणून महिनाभर डोकं खाल्लंस!" तिकडची दुपार आपल्यानंतर बऱ्याच उशिरा होते, हे सांगायला गेले तर म्हणालीस, "दुपार म्हणजे दुपार. मला नको शिकवूस." विमान सुटलं त्याच दिवशी बिबवेवाडीत दुपारचा चहा झाला आणि तू निर्धास्त झाडू घेतलास. मी तेव्हा जेमतेम निम्म्या वाटेवर, जर्मनीत दुसऱ्या विमानाची वाट बघत बसलेली. फोन काही येईना. बाबा सांगायचे, तू रडवेली होऊन केराच्या डब्यातला केर सुपलीत घेतलास आणि परत आणून कोपऱ्यात ठेवलास! शेवटी माझा फोन आला, तर एवढंच म्हणालीस, "पोचलीस? बरं. ठेव आता, पैसे जातायत." मग तोच केर पुन्हा काढलास. त्यानंतर तू कधी तिकीट वाचलं नाहीस. मी निघाले की फोन येईपर्यंत घर तसंच, आणि बाबांच्या शिंका चालू.

मग तो उलटा प्रवास. दादाचा फोन आला, "आईला दवाखान्यात ठेवलंय, निघ." मिळेल त्या विमानात बसले. शेजारी एक आजी होत्या, लेकीकडून परत निघालेल्या. त्यांनी मला बोलतं केलं. त्यांना सांगत बसले, आईला अंजीर फार आवडतात, उतरल्यावर आधी मंडई गाठणार, मऊ बघून घेणार आणि स्वतःच्या हाताने भरवणार. बोलता बोलता माझी खात्रीच पटली, तू बरी होणार. मी पोटभर जेवले, झोपलेसुद्धा.

घरी आले तर दारात चपलाच चपला. दादा म्हणाला, "काल दुपारी गेली गं." काल दुपारी मी विमानात होते, समुद्राच्या वर, अंजिरांबद्दल बोलत.

सगळे हळहळले, विमान जरा आधी पोचायला हवं होतं म्हणाले. मीही मान हलवली. हे पत्र कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, म्हणून तुला सांगते आई, मला तसं वाटलं नव्हतं. इथे तू गेली होतीस, आणि तिथे वर, माझ्यापाशी, आणखी कितीतरी वेळ होतीस. तो प्रवास अजून लांबला असता तरी मला हवाच होता.